ज्येष्ठ कलावंतांचे मानधन

शिमग्याच्या रात्री नमनात संकासुराचा काळा पोशाख चढवून ज्यांनी वाड्यावाड्यांतून उभी हयात घालवली, आणि गौरीगणपतीत पायी चाळ बांधून जाखडीचा फेर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखला, त्या रत्नागिरी जिल्ह्यातील वयोवृद्ध कलावंतांपैकी पुष्कळांना शासनाचे मासिक मानधन आपल्यासाठीही आहे, याची वार्ताही नसते.

१९५४-५५ पासून चालत आलेली ही योजना आज राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना या नावाने ओळखली जाते. जो महाराष्ट्राचा रहिवासी आहे, ज्याने वयाची पन्नाशी गाठली आहे, कला वा साहित्याच्या क्षेत्रात ज्याची किमान १५ वर्षे सेवा झाली आहे आणि ज्याचे वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत आहे, तो अर्ज करण्यास पात्र ठरतो. दिव्यांगांस वयात सवलत आहे. मानधन दरमहा ५,००० रुपये असून कलावंताच्या पश्चात ते हयात जोडीदारास मिळते.

वयाचा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मिळवणे तुलनेने सोपे. खरी अडचण कलेच्या पुराव्याची. मृदंगावर थाप मारणाऱ्याने रसीद कोठून आणावी? म्हणून मंडळाच्या जुन्या हस्तपत्रिका, वृत्तपत्रांतील कात्रणे, छायाचित्रे, प्रशस्तिपत्रे, आकाशवाणीचे करारपत्र असेल तर तेही, घरातील तरुणांनी आजच पेटीतून काढून, त्यांवर साल-तारीख नोंदवून ठेवावे. आणि अर्जाची मुदत व रीत यांची चौकशी पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करावी.