दुय्यमाची निष्ठा

हाताखाली काम करणाऱ्या कर्तबगार माणसाच्या आयुष्यात एक अवघड घटका केव्हा ना केव्हा येतेच. हातातले काम ऐन भरात आलेले असते, वरिष्ठाची सारी भिस्त त्याच्यावर असते आणि नेमके त्याच वेळी दुसऱ्या दारातून मोठ्या पदाचे बोलावणे येते. धारवाडनजीकच्या बेलूरच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना असो, हुबळीच्या बाजारातली पेढी असो, की एखादी शिक्षणसंस्था असो. हा प्रसंग सर्वत्र सारखाच. गेला तर कृतघ्न आणि राहिला तर भोळा, असा दुहेरी ठपका त्या माणसासाठी तयार असतो.

या प्रश्नाचे सर्वांत उघड रूप पाहावयाचे असेल, तर ते अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये दिसते. तेथे ३० संघ प्रत्येकी ८२ सामने खेळतात. एप्रिलमध्ये ही साखळी संपते आणि १६ संघ बाद फेरीत उतरतात. सातपैकी चार सामने जिंकणारा संघ पुढे सरकतो. अशा चार फेऱ्या जिंकल्या, म्हणजे एकूण १६ विजय मिळवले, की जूनमध्ये अजिंक्यपद लाभते. परंतु जे संघ एप्रिलमध्येच बाहेर पडतात, त्यांपैकी काही आपल्या मुख्य प्रशिक्षकाला निरोप देतात आणि नव्याच्या शोधास लागतात. त्यांची नजर साहजिकच यशस्वी संघांच्या साहाय्यक प्रशिक्षकांकडे वळते. म्हणजे ज्याचे काम सर्वांत निकराचे, त्यालाच त्या काळात सर्वांत अधिक मागणी!

तो संघाची मोहीम संपेपर्यंत थांबला, तर दुसरा कोणी ती जागा पटकावील. म्हणून तेथे एक रिवाज रूढ झाला आहे. ज्याला माणूस हवा, त्याने आधी त्याच्या संघाकडे परवानगी मागावी, मुलाखत सामन्यांच्या मधल्या फुरसतीत व्हावी आणि नेमणूक ठरली तरी त्याने हातातली मोहीम पुरी करून मगच जावे.

माईक ब्राऊन यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मुख्य प्रशिक्षकाच्या पदावरून क्लीव्हलंडने त्यांना दोनदा आणि लॉस एंजेलिसच्या लेकर्सने एकदा दूर केले होते. २०१६ साली ते गोल्डन स्टेट वॉरियर्स संघात स्टीव्ह कर यांचे साहाय्यक झाले. मे २०२२ मध्ये, बाद फेरी चालू असतानाच, सॅक्रामेंटोच्या संघाने त्यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून निवड केली. त्याच सुमारास कर यांना कोविडची बाधा झाली आणि वॉरियर्सची धुरा ब्राऊन यांच्यावर आली. दुसरीकडे जाण्याचे निश्चित झालेला माणूस जुन्या संघाचे सुकाणू धरून उभा राहिला! ती फेरी वॉरियर्सने जिंकली आणि १६ जून रोजी अजिंक्यपदही मिळवले. पुढच्याच हंगामात ब्राऊन यांनी सॅक्रामेंटोला १६ वर्षांनंतर बाद फेरीत नेले, आणि तेथे पहिल्याच फेरीत त्यांना हरवले ते वॉरियर्सनेच. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सॅक्रामेंटोनेही त्यांना निरोप दिला. मोठे पद मिळाले म्हणजे स्थैर्य मिळाले, असे नव्हे.

त्याच संघातील केनी ॲटकिन्सन यांनी २०२२ च्या जूनमध्ये शार्लटचे मुख्य पद स्वीकारण्याचे मान्य केले होते; पण अजिंक्यपदानंतर त्यांनी बेत बदलला आणि साहाय्यक म्हणून राहणेच पसंत केले. दोन वर्षांनी क्लीव्हलंडने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. थांबणारा मागेच पडतो, असाही नियम नाही.

आपल्याकडे या नाट्याचा जवळचा प्रवेश क्रिकेटमध्ये घडला. २०१७ च्या मे महिन्यात, इंग्लंडमधील चॅम्पियन्स ट्रॉफी आठवड्यावर आली असताना, क्रिकेट मंडळाने भारतीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदासाठी अर्ज मागवले. त्या पदावर तेव्हा कर्नाटकाचे अनिल कुंबळे होते. १८ जूनला अंतिम सामना पाकिस्तानविरुद्ध १८० धावांनी गमावला गेला आणि दोनच दिवसांनी कुंबळे यांनी राजीनामा दिला. संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर निघालेला. तेव्हा प्रशिक्षणाचा भार ज्यांनी उचलला, त्यांत प्रमुख होते संजय बांगर.

बांगर हे मूळचे बीडचे. २००२ साली लीड्सच्या कसोटीत सलामीला येऊन ६८ धावांची चिवट खेळी करणारे ते हेच. २०१४ साली ते पंजाबच्या आयपीएल संघात साहाय्यक म्हणून आले, लवकरच मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला. त्याच वर्षी भारतीय संघात त्यांनी पुन्हा साहाय्यकाचे पद पत्करले. २०१६ च्या झिंबाब्वे दौऱ्यात ते मुख्य प्रशिक्षक होते. दौरा संपला आणि मुख्य पद कुंबळे यांच्याकडे गेले. २०१७ च्या जुलैत ते रवी शास्त्री यांच्याकडे आले, बांगर साहाय्यकच राहिले. २०१९ च्या विश्वचषकात उपांत्य सामना १८ धावांनी हुकला. पुढे शास्त्री यांचे पद कायम राहिले. बांगर यांच्या जागी मात्र विक्रम राठोड आले. पराभवाचा वाटा दुय्यमाच्या पदरी कसा पडतो, याचे हे उदाहरण होय.

आणि यशाचा वाटा? २०१५-१६ च्या हंगामात स्टीव्ह कर आजारी असताना ल्यूक वॉल्टन यांनी वॉरियर्सला ४३ पैकी ३९ सामने जिंकून दिले. नियमानुसार ते सारे विजय कर यांच्या नावे नोंदले गेले. ज्याच्या श्रमाची नोंदही दुसऱ्याच्या खात्यावर होते, त्याने स्वतःचे खाते उघडण्याची इच्छा धरली, तर तिला फितुरी म्हणता येणार नाही.

निष्ठा म्हणजे आजन्म बांधिलकी नव्हे. हाती घेतलेले काम उणे न पडू देणे, ही निष्ठा. वरिष्ठाच्या पाठीमागे बोलणी करणे वेगळे आणि त्याला सांगून, त्याच्या संमतीने पुढचे पाऊल टाकणे वेगळे. पहिल्यात लपवाछपवी आहे, दुसऱ्यात सरळपणा आहे. मात्र हा सरळपणा एकट्या दुय्यमाकडून मागून चालत नाही. जेथे इच्छा बोलून दाखवताच माणसाकडे संशयाने पाहिले जाते, तेथे तो लपूनच अर्ज करणार. आणि कामाच्या ऐन धांदलीत जी संस्था पदाच्या जाहिराती काढते, तिने इतरांकडून एकाग्रतेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

म्हणून उत्तम वरिष्ठाची कसोटी एवढीच की, त्याच्या हाताखालचा माणूस निर्भयपणे त्याच्यासमोर येऊन म्हणू शकतो, 'मला बोलावणे आले आहे.' आणि उत्तम दुय्यमाची कसोटी ही की, तसे सांगून झाल्यावरही तो दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांच्या आधी मैदानावर हजर असतो.