वायर आहे, मग वेग का नाही?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवी व्याख्यानांत आरोग्य, इच्छापत्र, पुनर्विकास असे भारदस्त विषय असतात. मला कमिटीने विषय दिला तो घरातल्या नेटचा. त्याला कारण आहे. पाणी आणि पार्किंग यांच्या खालोखाल सेक्रेटरींच्या कानावर येणारी तक्रार हीच असते : "एवढा महागाचा प्लॅन घेतलाय, कॉम्प्युटरला वायफाय नाही, सरळ वायर जोडली आहे, तरी नेट रांगतं." माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या केबल आणि त्यांच्या जोडण्या यांच्यात गेली. म्हणून हे काम माझ्याकडे आलं असावं.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आपली इमारत नवी होती तेव्हा नेट म्हणजे फोनच्या तारेवर किरकिरणारा मोडेम, आणि त्याची कमाल मजल ५६ किलोबिट. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ किलोबिटला 'ब्रॉडबँड' म्हटलं गेलं. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ मेगाबिट झाली. आज आपल्या घरांत १००, २००, ३०० मेगाबिटचे प्लॅन आहेत. वेग असा वाढत गेला, पण इमारतीच्या भिंती त्याच राहिल्या. बिल्डरने फोन आणि टीव्हीपुरत्या नळ्या टाकल्या होत्या. नेटची वायर नंतर आली, ती गच्चीवरून, खिडकीच्या ग्रिलमधून, नाही तर दाराच्या फटीतून. आपल्या निम्म्या तक्रारींचं मूळ या वाटेत आहे.

आधी मोजा, मग बोला

पहिली गोष्ट एककाची. कंपनी वेग सांगते मेगाबिटमध्ये, आणि फाइल उतरवताना कॉम्प्युटर बऱ्याचदा दाखवतो मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. त्यामुळे १०० मेगाबिटच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला ११-१२ मेगाबाइटने उतरत असेल, तर तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय. "शंभर सांगून बाराच देतात" ही तक्रार तिथेच मिटते.

दुसरी गोष्ट, मोजताना घर शांत हवं. टीव्हीवरचा सिनेमा बंद, मुलांचे गेम बंद, कॉम्प्युटरवरचे बाकी प्रोग्राम बंद. मग स्पीड टेस्ट करा. सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री नऊच्या सुमारास एकदा, असं दोन-तीन दिवस करून आकडे वहीत लिहा. वहीतच लिहा, कारण पुढे कंपनीशी बोलताना "नेट स्लो आहे" या वाक्याला काही किंमत नसते, आकड्याला असते.

आता त्या आकड्याकडे नीट बघा. तो बरंच काही बोलतो.

चौऱ्याण्णवचा आकडा

तुमचा प्लॅन २०० किंवा ३०० चा आहे, राउटरशेजारी धरलेल्या मोबाइलवर वायफायने १८०-२०० दिसतात, आणि वायर लावलेला कॉम्प्युटर मात्र ९३-९४ च्या वर जात नाही. सकाळी ९४, दुपारी ९४, रात्री ९४. असा आकडा आला की कंपनीला फोन करायचं कारण नाही. दोष तुमच्या घरातच आहे, राउटर आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये.

का, ते सांगतो. नेटच्या वायरीत आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. १०० मेगाबिटला त्यातल्या दोन जोड्या पुरतात. १००० मेगाबिटला, ज्याला गिगाबिट म्हणतात, चारही जोड्या लागतात. वायर जोडली की राउटर आणि कॉम्प्युटर आपापसांत ठरवतात की कुठल्या वेगाने बोलायचं. एखादी जोडी तुटलेली असेल तर ते बहुधा मुकाट्याने १०० वर उतरतात. तक्रार करत नाहीत, लाल दिवा लावत नाहीत. त्या १०० मधून पत्ते, तपासण्या वगैरे हिशोबाचा भाग वजा जाता हातात उरतात ते साधारण ९४. आकडा ९ च्या आसपास अडकला असेल, तर वायर आणखी वाईट अवस्थेत आहे आणि जोडणी १० वर उतरली आहे, असं समजा.

हे डोळ्यांनी बघताही येतं. विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडा, 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये जा, तिथे 'ईथरनेट' निवडा. खाली 'लिंक स्पीड' लिहिलेलं असतं. १०००/१००० असेल तर वायर शाबूत आहे. १००/१०० असेल तर चोर सापडला.

आपल्याच इमारतीत एका घरी हेच झालं होतं. १०० चा प्लॅन वाढवून ३०० चा केला, वर्षभर जास्तीचे पैसे भरले, आणि कॉम्प्युटरवर एक मेगाबिट वाढला नाही. वायर दिवाणाच्या पायाखालून गेली होती आणि तिथे चेपली होती. नवी तयार वायर टाकली, पाच मिनिटांचं काम.

इथे एक प्रामाणिक सल्लाही देतो. ९४ मेगाबिट ही काही गरिबी नाही. सर्वांत स्पष्ट, फोर-के चित्रपटालाही पंधरा ते पंचवीस मेगाबिट पुरतात. दोघा-तिघांच्या घराचं १०० मध्ये सहज भागतं. तेव्हा वायर सुधारा, नाही तर प्लॅन कमी करा. दोन्ही न करता पैसे भरत राहणं मात्र बरोबर नाही.

वायर बघायची कशी

वायर कायम बदलून बघावी, तर्क करत बसू नये. राउटरबरोबर खोक्यात आलेली छोटी वायर असते ना, ती घ्या. कॉम्प्युटर राउटरजवळ उचलून न्या, किंवा शेजारच्या मुलाचा लॅपटॉप आणा, आणि त्या छोट्या वायरने जोडून मोजा. वेग आला तर लांब वायर दोषी. नाही आला तर राउटरवरचं दुसरं पोर्ट वापरून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर नेट सुधारतं, पण कशामुळे ते कळत नाही आणि पुन्हा बिघडलं की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

नवी वायर घेताना कॅट-५-ई किंवा कॅट-६ आणि अस्सल तांब्याची मागा. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त मिळते, ती दोन-चारदा वाकवली की आतून तुटते. विजेच्या वायरीच्या नळीतून नेटची वायर नेऊ नका. वेगासाठी नाही आणि सुरक्षिततेसाठी तर नाहीच.

एक खास दुखणं सांगतो, कारण ते भल्याभल्यांना चकवतं. वायरीतल्या जोड्या एकमेकींना पीळ घालून असतात. ती शोभा नाही, त्या पिळामुळे बाहेरचा गोंगाट तारांत शिरत नाही. टेलिफोनचा जनक ग्रॅहॅम बेल याने १८८१ मध्येच या पिळाचं पेटंट घेतलं होतं. टोकाला प्लग बसवताना रंगांचा क्रम ठरलेला असतो : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी येते, हे लक्षात घ्या. घाईतला कारागीर काय करतो, रंग ओळीने लावून मोकळा होतो, नारिंगीशेजारी नारिंगी, हिरव्याशेजारी हिरवा. दोन्ही टोकांना सारखंच लावलेलं असल्याने टेस्टरवर आठही दिवे लागतात आणि तो "वायर ओके आहे काका" म्हणून निघून जातो. पण आता एक संदेश दोन वेगळ्या पिळांतल्या तारांतून जातो, आणि गोंगाट आत शिरतो.

घरून काम करणाऱ्या आपल्या एका सूनबाईंना हा त्रास सहा महिने झाला. मीटिंगमध्ये आवाज तुटायचा, साहेब बोलायचे. त्या घराने दोनदा कंपनी बदलली, पण वायर तीच राहिली. शेवटी प्लगच्या पारदर्शक टोकातून रंग बघितले, तेव्हा उलगडा झाला. प्लग डोळ्यांसमोर धरून रंग बघायला काही पैसे पडत नाहीत.

कॉम्प्युटरचीही चौकशी हवी

वायर चांगली, पोर्ट चांगलं, तरी लिंक स्पीड १०० च? मग कॉम्प्युटर किंवा राउटरच १०० चा असू शकतो. जुन्या कॉम्प्युटरची नेटवर्क कार्डं आणि स्वस्तातले राउटर आजही तेवढेच असतात. त्यावर यूएसबीचा गिगाबिट अडॅप्टर मिळतो. तो निळ्या, म्हणजे यूएसबी-३ च्या खाचेत लावा.

कुणी हुशारीने 'स्पीड अँड डुप्लेक्स' ही सेटिंग हाताने बदलून ठेवली असेल तर ती 'ऑटो निगोशिएशन'वर परत न्या. एक बाजू हट्टाने ठरवलेली आणि दुसरी आपोआप ठरवणारी असली की दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात. जोडणी दिसते, वेग मात्र रसातळाला.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. आपण काहीच करत नसताना नेटवर्कचा आलेख वर असेल, तर कुणी तरी वापरतंय. विंडोजचं अपडेट असेल, फोटोंचा बॅकअप असेल, कामाचं व्हीपीएन सुरू राहिलं असेल. व्हीपीएन आणि काही अँटिव्हायरस वेग बराच खातात, थोडा वेळ बंद करून मोजा आणि अँटिव्हायरस लगेच चालू करा. वर पाठवण्याचा रस्ता भरला, उदाहरणार्थ दाराबाहेरचा कॅमेरा रात्रंदिवस चित्रण चढवत असेल, तरी खाली येणारंही रेंगाळतं. कारण प्रत्येक पाकिटाची पोच उलट पाठवावी लागते, आणि ती पोच रांगेत अडकते.

आणि स्पीड टेस्ट उत्तम, पण पानं उघडायला मिनिट लागतं, असं असेल तर नेटला दोष देऊ नका. दहा-बारा वर्षांच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क थकलेली असते. तिथे एसएसडी बसवा, प्लॅन वाढवू नका.

कंपनीची वेळ कधी येते

राउटरजवळ, चांगल्या छोट्या वायरीने, शांत घरात मोजूनही आकडा कमी आला, तर तो कंपनीचा प्रश्न. सकाळी पूर्ण आणि रात्री नऊला निम्मा, तर सामाईक रस्त्यावर गर्दी आहे. एका फायबरचा वेग ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो, त्यामुळे शेजारी वेग 'चोरत' नाहीत, ते त्यांच्या हक्काचंच वापरतात. महिनाअखेरीस एकदम मंद झालं, तर प्लॅनमधली डेटाची मर्यादा संपली का, ते बघा. फायबरच्या खोक्यावर लाल दिवा असेल, तर पिवळी किंवा काळी बारीक फायबर कुठे दुमडली आहे का, ते बघा. तिच्यावर खिळा मारायचा नाही, गाठ मारायची नाही. आत काच आहे.

तक्रार करताना वहीतले आकडे सांगा आणि तक्रारीचा नंबर घ्या. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, ही दुसरी पायरी ट्रायच्या नियमांनी दिलेली आहे. फार थोडे लोक ती वापरतात.

आणि शेवटी, आपली गच्ची

आतापर्यंत घराचं झालं. पण काही दुखणी एकट्या फ्लॅटची नाहीत. काही इमारतींत फायबर गच्चीवरच्या स्विचपर्यंत येते आणि तिथून घरोघरी तांब्याची वायर जाते. तो स्विच १०० चा असेल, तर खालच्या कुठल्याच घराला ३०० मिळणार नाहीत, मग बिल काही का असेना. शिवाय एका विंगेतून दुसऱ्या विंगेत उघड्यावरून गेलेली तांब्याची वायर वळवाच्या विजांमध्ये पोर्ट जाळते. फायबरमधून वीज येत नाही.

म्हणून कमिटीला आणि येत्या सर्वसाधारण सभेला माझ्या चार सूचना आहेत. गच्चीवरच्या प्रत्येक वायरीला फ्लॅट नंबरची चिठ्ठी लावावी. ज्या वायरीला धनी नाही ती नोटीस देऊन काढून टाकावी, जिन्यात लोंबणाऱ्या तर आधी, कारण आग लागली तर त्याच जिन्याने आजी-आजोबांना खाली आणायचं आहे. रंगकामाच्या वेळी विजेच्या डक्टपासून वेगळी एक नळी तळापासून गच्चीपर्यंत टाकून घ्यावी, ती कुठल्याही कंपनीला खुली असावी. आणि कुठल्याही कंपनीला परवानगी देताना घरापर्यंत फायबर येणार की तांबं, हे लेखी विचारावं.

तरुण मंडळींना एक विनंती. तुमच्या मजल्यावर जे ज्येष्ठ एकटे राहतात, त्यांच्याकडे एका रविवारी अर्धा तास जा. लिंक स्पीड बघा, प्लगचे रंग बघा, वहीत तीन आकडे लिहून द्या. त्यांची मुलं पुण्याबाहेर, देशाबाहेर आहेत, आणि नातवाचा चेहरा त्यांना त्या वायरीतूनच दिसतो. तो मध्येच गोठला की दोष कुणाचा हे त्यांना कळत नाही, ते फक्त "आमचंच काही चुकलं असेल" म्हणून कॉम्प्युटर बंद करतात.

पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी, लिफ्ट, गेट सगळं एकत्र बसून सोडवलं. वायरींचं हे जाळंही सोडवू.  प्रश्न असतील तर चहाच्या वेळी जरूर विचारा, येताना फक्त आकडे लिहून आणा.