धोक्याची पातळी आणि दुधाचा पेला



आजचा विषय फळ्यावर वाचून एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला दारातच गाठले. म्हणाले, "महाडकरांना पुराचे सांगा, दरडीचे सांगा, फार तर कारखान्यांतल्या वायूचे सांगा. अणुभट्टीशी आमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. १९६९ साली सुरू झालेले तारापूरचे केंद्र येथून सरळ रेषेत २०० किलोमीटरहून दूर आहे. जैतापूरचा प्रकल्प तर अद्याप उभाच राहिलेला नाही. आणि अणुकेंद्रातील अपघातासाठी आपल्या देशात जी आणीबाणीची योजना आखली जात आली, तिची हद्द केंद्रापासून १६ किलोमीटरची. तेव्हा पळण्याची वेळ महाड-पोलादपूरकरांवर सहसा येणार नाही. पण त्या गृहस्थांना मी एवढेच विचारले, "काका, सकाळच्या चहाचे दूध कोठून येते?"

कारण मुंबईला अणुभट्टीच्या अपघाताची झळ लागली, ती तारापूरची नव्हे आणि हवेतूनही नव्हे. ती लागली लोण्यातून. २६ एप्रिल १९८६ रोजी सोव्हिएत युक्रेनमधील चेर्नोबिलची भट्टी फुटली. किरणोत्सारी धूळ युरोपभर पसरली. पाऊस पडला तेथे ती गवतावर उतरली, गाईंनी गवत खाल्ले आणि दुधात सीझियम आले. पुढे आयर्लंडचे लोणी दुग्धविकासाच्या मदतीपोटी मुंबईला आले. मुंबईच्या काही नागरिकांनी न्यायालयात धाव घेतली. त्यांचे म्हणणे असे की, मुलांच्या दुधात हे विष मुळी येऊच नये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमून तिला विचारले की, अणुऊर्जा नियामक मंडळाने २७ ऑगस्ट १९८७ रोजी ठरवलेल्या मर्यादेच्या आत असलेले दूध व दुधाचे पदार्थ खाण्यास निर्धोक आहेत काय? तज्ज्ञांनी होय म्हटले, आणि १९८८ साली याचिका निकालात निघाली. (जाता जाता सांगतो, सीझियम पाण्याच्या अंशात राहते, स्निग्धांशात फारसे नाही, म्हणून दुधापेक्षा लोण्यात ते कमीच उतरते. ताकाबद्दल मात्र असे म्हणता येणार नाही.)

निकाल मला पटतो. पण त्या नागरिकांचा प्रश्न अडाणीपणाचा होता, असे कोणी म्हणू नये. "मर्यादेच्या आत" म्हणजे "अपाय शून्य" असे खुद्द शास्त्रज्ञही मानत नाहीत. मात्रा जितकी कमी तितका धोका कमी, पण शून्य कोठेच नाही, असे धरूनच ते नियम बांधतात. मग मर्यादा म्हणजे काय? विष आणि अमृत यांमधली ती रेघ नव्हे. इतका धोका पत्करण्यास हरकत नाही, असा तो माणसांनी केलेला निवाडा आहे. निवाडा म्हटला की तो कोणी केला आणि कोणासाठी केला, हे विचारण्याचा हक्क आलाच.

आता थोडे आकडे. शरीराला पोचणारी किरणोत्सर्गाची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. जमीन, आकाश, अन्न आणि श्वासाची हवा यांतून जगातील माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. त्यावर अणुकेंद्रामुळे जनतेच्या वाट्याला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक येऊ नये, असा आपला नियम आहे. अपघात झाल्यावर मात्र आंतरराष्ट्रीय शिफारस निराळी भाषा बोलते. आणीबाणीत वर्षाला २० ते १०० च्या दरम्यानची एक पातळी ठरवा, तिच्यावर कोणी जाणार नाही असे पाहा, आणि पुढे ती उतरवत न्या. सामान्य माणूस येथे चिडतो. माणूस तोच, मूल तेच. मग मर्यादा एकाएकी वीसपट कशी झाली?

याचे उत्तर महाडकरांना तरी परके वाटू नये. सावित्रीच्या काठी दोन प्रकारच्या रेघा आहेत. एक पूररेषा, तिच्या आत नवे बांधकाम करू नये, असा नियम. दुसरी धोक्याची पातळी; पाणी तेथवर आले की घर सोडायचे. पूररेषेच्या आत असलेल्या जुन्या घरातील म्हातारीला कोणी जानेवारीत उचलून नेत नाही. नदी एकच, पण प्रश्न दोन. घर बांधावे काय, हा एक. घर सोडावे काय, हा दुसरा. १ मिलिसिव्हर्ट ही कारखानदाराला घातलेली पूररेषा आहे. २० ते १०० हा माणसांनी घर केव्हा सोडावे याचा हिशेब आहे. तो कारखान्याला दिलेला परवाना नव्हे.

आणि घर सोडणे फुकट नसते. २२ जुलै २०२१ नंतर तळियेच्या लोकांना, पोलादपूरच्या डोंगरातील वाड्यांना हे मी काय सांगावे? तेथे ऐंशीहून अधिक माणसे दरडीखाली गेली. वेळेवर निघाले असते तर वाचले असते. जपानात फुकुशिमाला मार्च २०११ मध्ये गणित उलटे पडले. किरणोत्सर्गाने जागच्या जागी कोणी नागरिक मेला नाही. परंतु घाईघाईने हलवलेले रुग्णालयातील वृद्ध, औषधांवाचून, थंडीत, नंतर निवाऱ्यांत खचून गेलेले, असे त्या प्रांतात दोन हजारांहून अधिक मृत्यू आपत्तीच्या मागून आले म्हणून नोंदले गेले. अतिसावधपणाही माणसे मारतो. म्हणूनच ही पातळी फार खाली ठेवता येत नाही.

इथवर मी तज्ज्ञांच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू. त्याच फुकुशिमात सरकारने एप्रिल २०११ मध्ये शाळांच्या पटांगणासाठीही वर्षाला २० मिलिसिव्हर्टचाच आधार घेतला. सरकारचे सल्लागार असलेले प्राध्यापक तोशिसो कोसाको यांनी, मुलांसाठी हा आकडा मला मान्य नाही, असे सांगून राजीनामा दिला. बोलताना त्यांना रडू आवरेना. पालक टोकियोत मंत्रालयाच्या दारात जाऊन उभे राहिले. मे महिना संपण्यापूर्वी सरकारने शाळांत १ मिलिसिव्हर्टचे उद्दिष्ट जाहीर केले आणि पटांगणांवरची माती खरवडून काढली गेली. माझ्या मते येथे पालक बरोबर होते. गाव हलवणे महाग, पटांगणाची वरची माती काढणे स्वस्त. स्वस्त उपाय हाताशी असता मोठ्या आकड्याची ढाल पुढे करणे, हा हिशेब नव्हे, आळस होय.

सर्वांत स्वस्त उपाय दुधाचा. भट्टीतून निघणारे किरणोत्सारी आयोडीन गवतावाटे दुधात आणि दुधावाटे मुलांच्या गळ्यातील ग्रंथीत जाऊन बसते. ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडात विंडस्केलची भट्टी पेटली, तेव्हा काही दिवसांतच सुमारे ५०० चौरस किलोमीटर मुलखातील दूध थांबवून ओतून दिले गेले. चेर्नोबिलच्या आसपास मात्र खेड्यापाड्यांत मुले तेच दूध पीत राहिली. पुढे त्या ग्रंथीच्या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण त्या पिढीत निघाले, आणि त्यांतील बराच वाटा त्या दुधाचा होता. तंत्राच्या बाबतीत सोव्हिएत देश मागासलेला नव्हता. खेड्यातल्या आईला वेळेवर कोणी सांगितले नाही, एवढेच. या आयोडीनची तीव्रता दर आठ दिवसांनी निम्मी होते. म्हणजे अडीच-तीन महिने जुने डब्यातले दूध तिला पुरले असते.

आयोडीनच्या गोळ्यांविषयी विचारणा झाली आहे. ग्रंथीला पहिल्या सात दिवसांत ५० मिलिसिव्हर्ट पोचतील असा अंदाज असेल तर त्या द्याव्यात, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आणि त्या धुळीपूर्वी किंवा लगेच घेतल्या तरच उपयोगी. सांगितल्यावाचून घेऊ नयेत. घरातले आयोडीनयुक्त मीठ चमचाभर खाऊन हे काम होत नाही, रक्तदाब तेवढा वाढेल.

तेव्हा काका, आपला संबंध तो हा. केंद्राबाहेरच्या आणीबाणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असते, पण दुधाचा टँकर जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही. मर्यादा ठरवणारे नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ पासून आहे आणि ते मुंबईतच आहे. तेथील आकडा नाक्यावरच्या दूधवाल्यापर्यंत किती तासांत पोचेल, कोणाच्या सहीने आणि कोणत्या भाषेत, हे पूर नसलेल्या दिवसांतच विचारून ठेवायचे असते. प्रश्नोत्तरांसाठी अध्यक्षांनी पंधरा मिनिटे दिली आहेत, आणि पहिला प्रश्न मी काकांसाठी राखून ठेवला आहे.