आयुष्याची दोरी



मोठ्या संकटांतून कोणी वांचला कीं त्याच्या आयुष्याची दोरी बळकट, असें आपण म्हणतों. शरीराच्या पेशींतहि अशी एक दोरी शास्त्रज्ञांना सांपडली आहे. परंतु ती जितकी लांब तितकें आयुष्य मोठें, हा हिशेब तेथें जुळत नाहीं.

कापसाच्या बाजारामुळें ज्या वस्तीला नांव मिळालें, त्या आमच्या कॉटन ग्रीनमध्यें सुताचाच दाखला सहज सुचतो. उपरण्याच्या दशा पिळून गांठविल्या नाहींत, तर वस्त्र कडेपासून उसवूं लागतें. पेशींतील गुणसूत्रांच्या टोकांनाहि अशाच राखणदार दशा असतात. त्यांना टेलोमिअर म्हणतात. मनुष्य, चिंपांझी, माकड या सर्वांत त्यांची वीण एकच. पेशी दुभंगली कीं ही दशी किंचित् आंखूड होते. मनुष्याची पेशी काचपात्रांत सुमारें ५० वेळां दुभंगून थांबते, हें लिओनार्ड हेफ्लिक यांनीं १९६१ सालीं दाखविलें. दशी झिजल्यामुळें ती थांबते, हें पुढें कळलें. ही झीज भरून काढणारें टेलोमरेज नांवाचें विकर एलिझाबेथ ब्लॅकबर्न व कॅरोल ग्रायडर यांना १९८४ सालीं आढळलें; २००९ सालीं जॅक शोस्टाक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां नवल पाहा. चिंपांझी व ऱ्हीसस माकड यांच्या दशा आपल्याहून लांब असतात. तरीहि चिंपांझी साठीपलीकडे क्वचितच जातो आणि तें माकड चाळिशीहि क्वचितच गांठतें. उलट फ्रान्समधील जान काल्माँ या बाई १२२ वर्षें जगून १९९७ सालीं वारल्या. मग मनुष्याच्या वांट्याला आंखूड दशी कां यावी? अनेक शास्त्रज्ञांचा कयास असा कीं, ज्याला दीर्घकाळ जगावयाचें त्याला कर्करोगाचें भय अधिक. आणि बेफाम वाढूं पाहणाऱ्या पेशीला आंखूड दशी लगाम घालते. मनुष्याच्या बहुतेक पेशींत तें विकर निजलेलें असतें. कर्करोगाच्या दहांपैकीं आठ-नऊ गांठींत तें पुन्हां जागें झालेलें दिसतें. शेजारीं परळला टाटा रुग्णालयांत १९४१ पासून ज्या रोगाशीं झुंज चालू आहे, तो थांबणें विसरलेल्या पेशींचा रोग होय.

म्हणून दशी लांबवून तारुण्य परत देण्याचें आमिष दाखविणाऱ्या गोळ्या वडीलधाऱ्यांसाठीं घेण्यापूर्वीं सुज्ञांनीं विचार करावा. म्हातारपण कोणालाच गोड वाटत नाहीं. परंतु पेशीला वेळेवर थांबतां येतें, म्हणूनहि मनुष्य नातवंडें पाहावयास उरतो.