बाळंतिणीचा सव्वा महिना आणि घरचा पुरुष
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिक्षण, हुंडा आणि वधूवरपरिचय या विषयांवर आपल्या संमेलनात दरवर्षी भाषणे होतात, आणि ती व्हावयासच हवीत. आज आम्ही जो विषय मांडणार आहोत तो मात्र माजघराचा उंबरठा सहसा ओलांडत नाही. प्रसूतीनंतर स्त्रीच्या शरीराचे, तिच्या मनाचे आणि पतिपत्नींच्या नात्याचे काय होते, हा तो विषय. पुरुषवर्गाने संकोच मानू नये. आमचे बोलणे विशेषेकरून त्यांच्यासाठीच आहे.

सव्वा महिना बाळंतिणीने कामाला हात लावू नये असा नियम आपल्या आज्यापणज्यांनी घालून दिला. आधुनिक वैद्यकही सूतिकाकाल 42 दिवसांचाच मानते. ती विश्रांती, ते तेल लावून न्हाऊ घालणे, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू हे सारे अवश्य राखावे. परंतु पहिला चीक पिळून टाकणे, तान्ह्याला मध चाटविणे, बाळंतिणीचे पाणी तोडणे, डाळी व पालेभाज्या वर्ज्य करणे, या गोष्टी जेथे अजून चालतात तेथे त्या थांबविल्याच पाहिजेत. शेगडीचेही तसेच. यवतमाळचा वैशाख म्हणजे पारा 45 अंशांच्या आसपास. अशा दिवसांत खोलीची दारेखिडक्या लावून बाजेखाली निखारे ठेवणे याला शेक म्हणावयाचे की शिक्षा? बंद खोलीत कोळशाचा वायू माता व बालक दोघांच्याही जिवावर बेतू शकतो.

हा सव्वा महिना सर्वांच्याच वाट्याला येतो असेही नाही. दसरा उलटला की आपल्या जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू होते, आणि मजुरीवर पोट असणारी बाई ओली बाळंतीण असतानाच धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधून ओळीत उभी राहते. डोक्यावर कापसाचे गाठोडे, घरी पाण्याचे हंडे. पुढे कित्येकींना अंग बाहेर येण्याचा विकार जडतो आणि लाजेने त्या तो वर्षानुवर्षे लपवितात. 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्याने नोकरदार स्त्रीस रजा दिली, 2017 साली ती पहिल्या दोन अपत्यांपुरती 26 आठवडे झाली. रोजाने वेचणी करणारीपर्यंत ती पोहोचत नाही.

जवळच्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी 1995–96 मध्ये 39 गावांतील बाळंतिणींची घरोघर पाहणी केली. प्रसूतीनंतरच्या दिवसांत शंभरातील सुमारे 43 स्त्रियांना कोणता ना कोणता विकार झालेला आढळला. गावातल्याच स्त्रियांना शिकवून त्यांनी घरी जाऊन नवजात बालकांची शुश्रूषा करविली आणि बालमृत्यू निम्म्याहून खाली आणले. त्या कार्याच्या आधारावरच पुढे सरकारने योजना आखली. दवाखान्यात प्रसूती झालेल्या घरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी येतात त्या याच योजनेप्रमाणे. त्यांना ओसरीवरून परत पाठवू नये. ताप, अतिरक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, पोटरीत एकाच बाजूस सूज व वेदना, डोके फुटावे तसे दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास 'बाळंतपणात चालायचेच' असे म्हणून एक रात्रही दवडू नये.

आता मनाविषयी. पहिल्या आठवड्यात बाळंतीण कारणावाचून रडते, चिडते. हे बहुतेकींचे होते व दोन आठवड्यांत निवळते. त्यापुढेही उदासी राहिली, बाळ झोपले तरी तिला झोप येईना, अन्न गोड लागेना, बाळाविषयी माया वाटेना, तर तो आजार होय. आपण त्यास काय म्हणतो? नखरे म्हणतो, बाहेरची बाधा म्हणतो, दृष्ट काढतो. गोव्यातील म्हापशाच्या रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांना हा आजार आढळला. दारिद्र्य, पतीशी बेबनाव आणि मुलगी जन्मणे, ही त्याची प्रमुख कारणे. मुलगी की मुलगा हे पित्याच्या बीजावर ठरते हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. तरी बोलणी बाळंतिणीनेच खावयाची! क्वचित एखादी भ्रमिष्टासारखी वागू लागते, तिला आवाज ऐकू येतात, ती स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे बोलते. तिला त्याच दिवशी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे, मांत्रिकाकडे नव्हे. मनाच्या दुखण्यासाठी 2022 पासून 14416 या दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आणि पती? आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. जावई बारशाला पाहुण्यासारखा येतो, टोपरे-झबली देतो, जेवतो आणि परत जातो. सव्वा महिन्यानंतर जी पत्नी घरी येते ती त्याला अनोळखी वाटते, आणि तिला तो. त्याच्याही मनावर भार असतो. देशोदेशींच्या अभ्यासांचा एकत्र विचार करता दहांतील एक पिता या काळात खिन्नतेच्या आजाराने ग्रस्त होतो, असे 2010 साली दिसून आले. ज्या जिल्ह्यात कर्जापायी कर्त्या पुरुषांनी जीव दिले, तेथे हे हसण्यावारी नेऊ नये.

वडीलधाऱ्यांसमोर बोलण्यास थोडा संकोच वाटावा अशी एक गोष्ट सांगणे भाग आहे. जखम भरेपर्यंत, स्राव थांबेपर्यंत आणि पत्नीच्या मनास येईपर्यंत पतीने धीर धरावा. पाळी सुरू होण्यापूर्वीही पुन्हा दिवस जाऊ शकतात. प्रसूतीनंतर निदान दोन वर्षे तसे होऊ नये म्हणून योग्य साधन डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच ठरवावे. कुटुंब पुरे झाले असेल तर पुरुषाची शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी आहे. तरीही ती स्त्रीनेच करून घ्यावी असा आपल्याकडचा दंडक. तो का, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

जावयाने बारशापुरते न येता आठ दिवस सासरी राहावे, रात्री उठून बाळाचे लंगोट बदलावे, पत्नीने पाणी मागण्यापूर्वी तांब्या जवळ ठेवावा. गावाने 'घरजावई झाला' म्हणून हसू नये, आणि सासूबाईंनीही त्याच्या हातातले काम काढून घेऊ नये. 42 व्या दिवसाच्या तपासणीला पतिपत्नींनी मिळून जावे, आणि 'हिला झोप लागते का, ही हसते का' हे डॉक्टरांस पतीने आपण होऊन सांगावे. पुढील वधूवर मेळाव्यात विवाहेच्छू तरुणांसाठी या विषयाचा एक तास राखून ठेवावा, आणि तेथे डॉक्टरांबरोबर एखाद्या आशाताईंसही मानाने बोलवावे, अशी सूचना कार्यकारिणीपुढे ठेवून आम्ही आपली रजा घेतो.