पेन्शनर शिपाई आणि गावचा कारभार
(कशेळी, ता. भिवंडी येथे माजी सैनिकांच्या सत्कारप्रसंगी एका शिक्षकाने केलेले भाषण)



हार घालून झाले, शाली-नारळ देऊन झाले, आता भाषण तेवढे उरले. आम्ही पडलो मास्तर माणसे; चार लोक समोर बसले की प्रश्न विचारल्याशिवाय आमच्याने राहवत नाही. सबब एकच विचारतो. ज्यांच्या गळ्यात आज हार पडले ते उद्या सकाळी कोठे असतील? ठाणे-भिवंडी रस्त्याने एक फेरी मारा म्हणजे उत्तर मिळेल. जेथे तुमच्या बापजाद्यांनी भात लावला तेथे आज गोदामे उभी आहेत. आणि गोदामाच्या फाटकाशी निळा सदरा घालून, आल्यागेल्या ट्रकचा नंबर वहीत टिपत जो उभा असतो, तो पुष्कळदा सरहद्दीवर पंधरा-सतरा वर्षे काढलेला मनुष्य असतो. पहाऱ्याची चाकरी हलकी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण ज्याने शंभर माणसांच्या रेशनाचा, कपड्यांचा व काडतुसांचा हिशेब चोख ठेवला, त्याला फाटक राखण्यापलीकडे कोणी काही सांगू नये, यात बुडाले कोणाचे? गावाचेच!

शिपायाला पुढारी करणे ही काही आमच्या डोक्यातून निघालेली टूम नव्हे. गोपाळबाबा वलंगकर हे नाव येथे किती जणांना ठाऊक आहे? महाडजवळच्या रावढळ गावचे हे गृहस्थ पलटणीत हवालदार होते. 1886 साली पेन्शन घेऊन ते दापोलीस राहिले. जात महार, म्हणजे गावच्या दृष्टीने सावलीचाही विटाळ. पण पलटणीत अक्षरओळख झालेली, आणि जोतीराव फुल्यांचा सहवास लाभलेला. त्यांनी ‘दीनबंधु’त लेख लिहिले, 1888 साली ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक काढले, अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापिली. पुढे सरकारने महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा 1894 साली त्याविरुद्ध अर्ज तयार करणारेही हेच. 1895 साली त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले, तर उच्चवर्णीय सभासदांना ते रुचले नाही, आणि वर्तमानपत्रांतून बराच काळ वाद माजला. पलटणीत गोळी खायला चालतो तो हवालदार बोर्डाच्या खुर्चीवर चालत नाही, असा तो न्याय!

हा न्याय केवळ आपल्याकडचा आहे असेही नव्हे. जोतीरावांनी 1873 साली आपली ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली, त्याच अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातून परतलेला मेडगर एव्हर्स हा काळा शिपाई 1946 साली मिसिसिपी संस्थानात मत द्यायला गेला, तेव्हा हत्यारबंद गोऱ्यांनी त्याला परत फिरविले. तो गप्प बसला नाही. आपल्या लोकांचा पुढारी झाला, आणि 1963 साली त्याच्या दारातच त्याला गोळी घातली गेली.

आता गोपाळबाबांचेच पाहा. ते पुढारी झाले ते पेन्शनीच्या जोरावर काय? पेन्शन तर शेकडो जणांना होती. त्यांना तीन गोष्टी मिळाल्या: लिहितावाचता येऊ लागले, विचार करणाऱ्या माणसांची सोबत मिळाली, आणि आपले म्हणणे छापायला एक पत्र मिळाले. यातील पहिली पलटणीने दिली. बाकीच्या दोन समाजाने दिल्या. भीमराव आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हे तर लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. त्या शाळांतून शिपायांच्या मुलांना शिकावेच लागे. एका पिढीच्या छावणीतल्या शाळेने पुढच्या पिढीला केवढे बळ दिले ते सांगायला नको.

परंतु पेन्शनर बंधूंनो, दोन शब्द तुम्हालाही. मास्तर रागावले असे समजू नका. पलटणीत हुकूम चालतो, गावात समजूत चालते. तेथे सुभेदाराने बोट दाखविले की काम फत्ते. येथे पाणंद हातभर रुंद करायची तर चार भावक्यांच्या ओटीवर चहा प्यावा लागतो, आणि पाचव्या भावकीत जाऊन तोच चहा पुन्हा. राळेगण सिद्धीला अण्णा हजारे 1975 साली लष्करातून परतले. त्यांनी आधी पदरचे पैसे घालून देऊळ नीट केले, मग लोकांना घेऊन बांध घातले, पाणी अडविले. दुष्काळी गावाचे रूप पालटले, हे आम्ही आदराने सांगतो. पण सुरुवातीला दारुड्यांना खांबाला बांधून मारण्याचा जो प्रकार तेथे झाला, तो आम्हाला पसंत नाही. ती छावणी झाली, पंचायत नव्हे. मारून सुधारलेला मनुष्य मारणाऱ्याची पाठ फिरेपर्यंतच सुधारलेला असतो, हे छडीच्या जमान्यातले मास्तरही जाणून होते.

उलट एका शाळेत आम्ही काय पाहिले ते ऐका. पोषण आहाराचे तांदूळ यायचे, पोत्यावर लिहिलेले वजन वहीत चढायचे. एका निवृत्त हवालदारांना मुलाचे पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर घेतले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. पहिल्या खेपेलाच हवालदार वजनकाटा घेऊन हजर! भाषण नाही, भांडण नाही. प्रत्येक पोते काट्यावर, जे भरेल तेच वहीत, खाली आणणाऱ्याची सही. दोन खेपांत पोती पुरी भरू लागली. पुढे आयाबायाही काट्याशी उभ्या राहायला शिकल्या. यालाच आम्ही पुढारीपण म्हणतो. जीपवर उभे राहून हात हलविण्याला नव्हे.

राज्य सरकारने 2020 साली माजी सैनिकांची घरपट्टी माफ केली. चांगले झाले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तेथे मुलांच्या शिष्यवृत्तीची, विधवांच्या साहाय्याची दाद लागते. पण गावात शिपायाची वाट पाहणारे आणखी एक खाते आहे, ते म्हणजे जमिनीचे दलाल व निवडणुकीचे ठेकेदार! 2022 पासून अग्निवीर भरती झाली. ती जाहीर झाली तेव्हा चार वर्षांनंतर शंभरांतील पंचवीसपर्यंत कायम करावयाचे, बाकीच्यांच्या हाती सुमारे 11.71 लाख रुपये देऊन घरी पाठवावयाचे, असे ठरले. म्हणजे बावीस-पंचविशीतली, कवायतीत तयार झालेली, खिशात पैसा व हाती काम नसलेली पोरे गावोगाव येणार. त्यांना हाक कोणी आधी मारायची, दलालाने की पंचायतीने?

म्हणून आमचे मागणे लहान आहे. गोदामांची कर-आकारणी, वसुली आणि बाकी यांचा तक्ता ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, आणि तो वाचण्याचे काम पंचायतीने एखाद्या पेन्शनर शिपायाकडे व एखाद्या शिकलेल्या सुनेकडे मिळून द्यावे. रजेवर आलेल्या पोरांनीही शेजारी बसून ऐकावे. अर्ज कसा लिहायचा, माहितीचा अधिकार कसा वापरायचा, ठराव कसा मांडायचा, हे आम्ही शिकवू. दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता शाळेची सातवीची खोली उघडी राहील. बाके लहान आहेत, गुडघे अडखळतील. तेवढे सोसून घ्यावे. पहिल्या शनिवारी प्रत्येकाने आपल्या घराच्या कराची पावती घेऊन यावे. ज्यांना माफी आहे त्यांनी शेजाऱ्याची आणावी.