बर्फाच्या डोंगरासाठी सॅक



काश्मीरमध्ये गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा 2005 साली सुरू झाला आणि अफरवातच्या धारेजवळ, जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर, पाळण्यात बसून पोहोचता येऊ लागलं. तिथल्या खोल, भुसभुशीत बर्फासाठी जगभरातून लोक येतात. आपल्याकडची ट्रेकर मुलंमुलीही स्नोबोर्ड शिकून तिकडे वळू लागली आहेत, याचा मला फार आनंद आहे. गोंडोलाच्या आसपासच्या उतारांवर गस्तीपथक असतं. हिमस्खलनाचा धोका पाहून ते उतार खुले करतं किंवा बंद ठेवतं. त्या हद्दीच्या बाहेर पाऊल टाकलं की आपली काळजी आपण आणि आपल्या सोबत्यांनी घ्यायची. याच भागाला बॅककंट्री म्हणतात. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवातच्या हापतखुड भागात हिमस्खलन होऊन पोलंडचे दोन स्कीअर दगावले. अशा बॅककंट्रीत जाताना पाठीवरची सॅक कशी असावी, एवढाच आजचा विषय आहे.

सह्याद्रीत तयार झालेला ट्रेकर सॅक घेताना आधी विचारतो, हिच्यात मावेल किती? बर्फात पहिला प्रश्न वेगळा हवा: हिच्यातून फावडं किती लवकर निघेल?

असं का, ते सांगतो. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं, तर वाचण्याची शक्यता खूप असते. त्यानंतर ती झपाट्याने घसरते आणि अर्ध्या तासानंतर वाचणारे थोडेच. एवढ्या वेळात खालून कुणी मदतीला येऊ शकत नाही. शेजारी उभा असलेला सोबतीच काय ते करणार. तो बीकनने, म्हणजे प्रत्येकाने अंगावर बांधायच्या रेडिओ-संदेश देणाऱ्या आणि टिपणाऱ्या यंत्राने, जागा शोधतो, प्रोब म्हणजे घडीची लांब सळई खुपसून नेमका ठाव घेतो आणि मग खणतो. थांबलेल्या हिमस्खलनाचा बर्फ इतका घट्ट बसतो की हाताने उकरता येत नाही. मीटरभर खोल गेलेल्या माणसापर्यंत पोहोचायला टनभर तरी बर्फ उपसावा लागतो. अशा वेळी फावडं जॅकेट, डबा आणि थर्मासच्या खाली दडलेलं असेल, तर सगळं सामान बर्फात ओतण्यात मोलाची मिनिटं जातात.

म्हणून फावडं आणि प्रोब यांच्यासाठी स्वतंत्र कप्पा असलेलीच सॅक घ्या. त्याची चेन एका ओढीत, जाड हातमोजे घालून उघडता आली पाहिजे. फावड्याचं पातं धातूचं आणि प्रोब निदान 240 सेंटिमीटर लांबीचा घ्या, आणि दोन्ही त्या कप्प्यात बसतात का, हे दुकानातच पाहा. बीकन मात्र सॅकमध्ये कधीही ठेवायचा नाही. सॅक अंगावरून ओरबाडली गेली, तर शोधणारे रिकाम्या सॅकपाशी पोहोचतील. तो अंगावर, बाहेरच्या जॅकेटच्या आत बांधायचा, आणि मोबाइल त्याच्यापासून दूर ठेवायचा.

दिवसभराच्या फेरीला 25 ते 35 लिटरची सॅक पुरते. बाहेर बाटली, मॅट, मग लटकवण्याची आपली सवय इथे सोडावी लागेल. गुलमर्गहून खाली बाबारेशी किंवा द्रंगकडे उतरताना दाट झाडीतून वाट काढावी लागते. लोंबणारा प्रत्येक पट्टा तिथे फांदीत अडकतो, आणि चेअरलिफ्टमध्येही.

स्नोबोर्डरची एक गरज स्कीअरपेक्षा वेगळी आहे. स्प्लिटबोर्ड, म्हणजे चढताना दोन भागांत सुटा होणारा बोर्ड, नसेल, तर चढावर स्नोशू घालून चालावं लागतं आणि अख्खा बोर्ड पाठीवर घ्यावा लागतो. स्कीसाठी बनवलेल्या तिरप्या पट्ट्यांत बोर्ड नीट बसत नाही. तो उभा बांधता येईल असे दोन रुंद, मजबूत पट्टे हवेत. बोर्डच्या पोलादी कडा कापड कापतात, तेव्हा त्या जागी जाड अस्तर आहे का, ते बघा. धारेवर वारा सुटला की पाठीवरचा बोर्ड माणसाला ढकलतो. त्यामुळे कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडावर घट्ट बसलाच पाहिजे. दुकानात रिकामी सॅक घालून पाहण्यात अर्थ नाही. आत सात-आठ किलो वजन भरा, बोर्ड बांधा, वाका, बसा. लिटर सारखेच असले तरी पाठीची लांबी प्रत्येकाची वेगळी असते. उंचीने लहान मुलींनी तर हे आवर्जून तपासावं.

पाठीकडून उघडणारी सॅक मला सर्वांत सोयीची वाटते. ती पालथी ठेवून उघडता येते, म्हणजे पाठीला लागणारी बाजू कोरडी राहते. पाठीवर हवेशीर जाळी असलेली सॅक आपल्या उन्हाळ्यात छान, पण बर्फात त्या जाळीत बर्फ भरतो आणि वितळून पाठ भिजवतो. पाण्याची नळी थंडीत गोठते, त्यापेक्षा थर्मास बरा.

आता एअरबॅगबद्दल. या सॅकच्या खांद्यापाशी एक मूठ असते. ती ओढली की काही सेकंदांत मोठी पिशवी फुगते. चिवड्याचा डबा हलवला की शेंगदाणे वर येतात आणि बारीक चुरा तळाशी जातो. वाहत्या बर्फातही मोठ्या आकाराची वस्तू वर राहते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, हिमस्खलनात गंभीरपणे सापडलेल्यांमधलं मृत्यूचं प्रमाण फुगलेल्या एअरबॅगमुळे सुमारे 22 टक्क्यांवरून 11 टक्क्यांवर आल्याचं दिसलं. म्हणजे निम्मं; पण शून्य नव्हे. झाडावर किंवा खडकावर आपटण्यापासून ती वाचवत नाही. त्याच अभ्यासात दर पाचांपैकी एकाची पिशवी फुगलीच नव्हती, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक वेळा वापरणाऱ्याकडून ती उघडली गेली नव्हती. मूठ ओढण्याचा सराव नसेल, तर एवढी महाग सॅक नुसतं ओझं ठरते. मांड्यांमधून जाणारा पट्टाही लावायलाच हवा, नाहीतर फुगलेली सॅक डोक्यावरून निघून जाईल. शिवाय पिशवी फुगवणारी, दाबाखालच्या वायूची नळकांडी विमानात न्यायला विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते. पंख्यावर फुगणाऱ्या सॅकला नळकांडी लागत नाही, पण तिच्या बॅटरीचे नियमही तिकीट काढतानाच विचारून घ्या.

पैसे मोजकेच असतील, तर माझं मत स्पष्ट आहे. आधी बीकन, प्रोब आणि फावडं घ्या; गुलमर्गला ही साधनं भाड्यानेही मिळतात. मग हिमस्खलनातून सुटकेचं प्रशिक्षण घ्या. त्यानंतर साधी, चांगली बसणारी सॅक घ्या. एअरबॅग सर्वांत शेवटी. आणि निघण्याआधी घरीच हातमोजे घालून, घड्याळ लावून, पाठीवरची सॅक उतरवा, प्रोब आणि फावडं काढून जोडा. एका मिनिटात ते जमत नसेल, तर जमेपर्यंत सराव करा, आणि तुमच्या सोबत्यांकडूनही करून घ्या.